अठ्ठेचाळीस वस्तूंची यादी

"ए-अर-ब्रश." सासूबाईंनी अक्षरं लावत वाचलं आणि तिथेच पेन्सिल टेकवली. "हे काय असतं गं?"

"रंगाचा फवारा मारायचं यंत्र, आई. काम सफाईदार होतं."

"डासांना मारतात तसा? पोरांच्या तोंडावर?" पेन्सिल आडवी फिरली. एअरब्रश गेला.

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून सासूबाईंचा हात आणखीच चालायला लागला.

यादी अठ्ठेचाळीस वस्तूंची होती. सुनेला पोरांची तोंडं रंगवायचा धंदा काढायचा होता. कुणाला वाघ करायचं, कुणाला फुलपाखरू. वाढदिवसाला, शाळेच्या मेळाव्याला. सासूबाईंना हे खूळ पहिल्या दिवसापासून नामंजूर होतं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ रंगवलेली तोंडं पाहिली होती आणि त्यातल्या एकानेही कुणाचं भलं केलं नव्हतं. पण लेक मध्ये पडला. मग ठरलं असं, की येत्या रविवारी शाळेच्या मेळाव्यात सुनेने एक दिवस बसून बघावं. जमलं तर धंदा. नाही जमलं तर सोमवारपासून तिच्या नणंदेच्या चपलांच्या दुकानात मुकाट्याने गल्ल्यावर.

"आणि सामानाची यादी मी बघणार," सासूबाईंनी बजावलं होतं. "या घरात काय येतं आणि काय नाही, ते मी ठरवते."

त्यांची पद्धत सरळ होती. चौथी शिकलेल्या बाईला ज्या वस्तूचं नाव कळत नाही, त्या वस्तूवाचून जगाचं अडत नाही. ग्लिटर जेल गेलं. स्टेन्सिल गेले. मेटॅलिक, निऑन, सेटिंग स्प्रे, सगळे एका ओळीत आडवे झाले. शेवटी कळणाऱ्या दहा वस्तू तेवढ्या उरल्या. काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा. एक जाड ब्रश, एक मधला, एक बारीक. स्पंजचे तुकडे. हातात धरायचा आरसा.

"पिवळा तर माळ्यावर आहे की. भिंतीचा उरलेला."

"तो नको, आई. पोरांची कातडी भाजेल. तोंडाला चालणारेच रंग हवेत."

हे तिने अशा आवाजात सांगितलं, की सासूबाईंनी पिवळ्याला हात लावला नाही.

"पण आई, पाच रंगांत भागेल का हो?"

"भागव. लाल-पिवळं कालवलं की नारिंगी होतं, हे शिकायला काय कॉलेजात जावं लागतं?"

एवढ्याशा डबड्यावर ही दुपारपर्यंतसुद्धा टिकायची नाही, अशी त्यांची खात्री होती. नणंदेला त्यांनी फोन करून टाकला, गल्ल्यामागे खुर्ची मांडून ठेव म्हणून.

रविवारी त्या मेळाव्याला गेल्या. बघायला म्हणून, खरं तर रडवेल्या सुनेला घरी आणायला. शेजारच्याच टेबलावर दुसरी एक पोरगी बसली होती. तिची दुमजली पेटी, साठ रंग, चित्रांची तीन पुस्तकं. मुलं पुस्तकं चाळत होती. जलपरी हवी, नको, राक्षस हवा, नको, पहिलीच जलपरी. आया घड्याळं बघून मुलांना ओढून नेत होत्या.

सून आपली स्टुलावर बसून एवढंच विचारायची, "वाघ की फुलपाखरू?" पोरगं तिसरं काही मागायच्या आत त्याचा वाघ झालेला असायचा. दर मुलाला नवा स्पंज, वापरलेला वेगळ्या पिशवीत. चार मिनिटांत एक तोंड, लगेच समोर आरसा. दुपारी रांग फाटकापर्यंत गेली. संध्याकाळी तीन वाढदिवस ठरले होते.

मुख्याध्यापिका स्वतः येऊन म्हणाल्या, "एवढ्याशा सामानात इतकं काम! कुणी शिकवलं हो?"

"आमच्या आईंनी," सून म्हणाली. "नको ते सगळं त्यांनीच काढून टाकलं."

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. मग त्या विनयाने हसल्या. सवय नसल्याने ते हसू जरा वाकडं आलं.

दोन दिवसांत ही गोष्ट त्यांच्या तोंडून सगळ्या नातेवाइकांनी ऐकली. नणंदेने दोनदा ऐकली. "माझी पेन्सिल नसती, तर ती पोर साठ रंगांत बुडाली असती," असं त्या आता म्हणत होत्या, आणि हे सगळं आपण मुळात सुनेच्या भल्यासाठीच केलं, असं त्यांना मनापासून वाटायलाही लागलं होतं.

बुधवारी स्पंज संपले. "तू राहू दे, मी आणते," सासूबाई म्हणाल्या. रंगाच्या दुकानदाराने अजून ही गोष्ट ऐकलेली नव्हती.

"अठ्ठेचाळीस वस्तू लिहिल्या होत्या आमच्या सुनेने," त्यांनी गल्ल्यावर कोपर टेकवून सुरुवात केली. "अडतीस मी उडवल्या. दहाच ठेवल्या. तेवढ्यावर मेळावा मारला की नाही पोरीने?"

दुकानदार गोंधळला. "अठ्ठेचाळीस? नाही हो मावशी. सूनबाई महिन्यापूर्वीच येऊन दहा वस्तू निवडून गेल्या होत्या. पिशवी बांधून बाजूला ठेवायला लावली. मी म्हटलं, निदान ग्लिटर तरी घ्या. तर म्हणाल्या, सुरुवातीला एवढंच पुरतं."

"महिन्यापूर्वी?"

"हो. आणि जाताना मालाचं मोठं पुस्तक मागून नेलं. म्हणाल्या, यातली अवघड अवघड नावं तेवढी उतरवून घेते."

सासूबाई स्पंजचा पुडा हातात धरून उभ्या राहिल्या. गेली अकरा वर्षं घरच्या किराण्याची यादी सून लिहीत होती आणि त्या कापत होत्या.