हाडाशी कच्चं

“मशीन बिघडलेलं निघालं तर मी तोंड मिटून बसेन,” यशोदाबाई म्हणाल्या. “पण चांगलं निघालं तर चूक तुझी. आणि ज्याची चूक, तो या घरात राहणार नाही. दवाखान्यात चार माणसांत बोललेय मी. शब्द मागं घ्यायची सवय नाही मला.”

तृप्तीनं मान वर केली नाही. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. पाचच्या एसटीनं निफाडला, माहेरी. तिचा नवरा ललित आईपुढं कधी बोलला नव्हता, आजही बोलला नाही. त्यांची चार वर्षांची लेक पायल तेवढी आपलं चाकांचं खेळणं फरशीवर गरगर फिरवत होती.

यशोदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती सोमवारपासून. रविवारी सुनेनं सासऱ्यांसाठी मायक्रोवेव्हमध्ये चिकन केलं. डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय म्हणे! सावळीरामांनी ते गपचूप खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून उलट्या-जुलाब. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाला यशोदाबाईंनी कधी कच्चंपक्कं वाढलं नव्हतं, तो आज सलाईन लावून पडला होता. भांड्यात उरलेली तंगडी त्यांनी स्वतः मोडून पाहिली होती. एका अंगानं वातड, दुसऱ्या अंगानं हाडाशी लाल.

“आई, मी सगळं नीट केलं होतं,” तृप्ती हळूच म्हणाली. “मोठे तुकडे कडेला लावले, लहान मधे. वर झाकण. अर्ध्यात थांबवून हलवलं. झाल्यावर पाच मिनिटं तसंच झाकून ठेवलं. ऑफिसातल्या सरितानं सांगितलं तसंच. तरी एकीकडं उकळतं नि एकीकडं गार राहतं. बाउलसुद्धा आत डुगडुगतो.”

“नाचता येईना, अंगण वाकडं!”

हा मायक्रोवेव्ह तृप्तीनं दसऱ्याला पगारातून घेतला होता. तो घरी आला त्या दुपारी तृप्ती ऑफिसात होती. खोकं यशोदाबाईंनीच फोडलं आणि थर्माकोल, पुठ्ठा, कागदपत्रं, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. घर असं टापटीप ठेवायचं असतं, हे हल्लीच्या पोरींना कोण शिकवणार? शिकवायला येणारा दुकानाचा माणूस काही आला नाही. सुनेनं मैत्रिणीला विचारून विचारून चालवलं, आणि भोगलं कुणी? सावळीरामांनी.

बेल वाजली. दुकानानं पाठवलेला मेकॅनिक आला होता, लखन नावाचा.

“उशीर झाला मावशी. पिंपळगावला एक काम होतं. सकाळधरनं पोटात काही नाय.”

“आधी मशीन बघा,” यशोदाबाई म्हणाल्या. “मग पोटाचं बघू.”

लखननं स्वयंपाकघरात जाऊन मायक्रोवेव्हचं दार उघडलं. आत डोकावला. मग ओट्यावर बघितलं, मग मांडणीवर.

“वहिनी, बाउल कुठं ठेवता?”

“आतच. मधोमध.”

“असाच?”

“असाच,” तृप्ती म्हणाली.

लखननं पेलाभर पाणी आत ठेवून बटण दाबलं. मिनिटभरानं बोट बुडवलं आणि झटक्यात बाहेर काढलं.

“मशीन तर ठणठणीत हाय. पण—”

“पण-बिण काही नाही!” यशोदाबाईंचा आवाज जिन्यापर्यंत गेला. “ऐकलंस ललित? ऐकलंस ना? मशीन ठणठणीत आहे! बिघडलीय ती हिची अक्कल! माझा माणूस मरता मरता वाचला आणि ही मशीनवर ढकलतेय!”

“मावशी, माझं ऐका तर—”

“तुम्ही बसा हो बाहेर. तुमचा काय दोष? तुम्ही उपाशी आलात, खाऊन जा.” आणि वळून सुनेला म्हणाल्या, “उचल बॅग.”

तृप्तीनं डोळे पुसले. “आई, अण्णांना एकदा दवाखान्यात भेटून जाते.”

“काही गरज नाही.”

ललितनं तोंड उघडलं आणि मिटलं. यशोदाबाईंना त्याचीही चीड आली. बायकोची बाजू घ्यायला जीभ वळवळते याची, बाप तिकडं झोपलाय त्याचं काही नाही!

पण संताप कितीही असो, दारी आलेलं माणूस त्यांच्या घरातून कधी उपाशी गेलं नव्हतं. त्यांनी शोकेस उघडलं आणि काचेचं मोठं ताट काढलं. दसऱ्याच्या खरेदीवर फुकट मिळालेलं ते जाड काचेचं ताट त्यांनी फक्त पाहुण्यांसाठी राखलं होतं. पायलच्या वाढदिवसाला तृप्तीनं त्याला हात लावला, तेव्हाही घरात असंच रामायण घडलं होतं. त्यांनी ताटात चिवडा ओतला, दोन लाडू ठेवले आणि लखनपुढं आणून ठेवलं.

लखननं घास घेतला नाही. तो ताटाकडं बघत राहिला.

“खा की. लाजता काय?”

त्यानं टीपॉयवरचा पेपर पसरला, चिवडा-लाडू त्यावर काढून ठेवले आणि ताट उलटं केलं. मागं मधोमध तीन उंचवटे होते, त्यांवरून बोट फिरवलं.

“अहो, हे काय चाललंय?” यशोदाबाई उसळल्या.

लखन उठला. पायलच्या हातातलं तीन चाकांचं रिंगण त्यानं हळूच मागून घेतलं, स्वयंपाकघरात जाऊन मायक्रोवेव्हच्या तळाला बसवलं, वर ताट ठेवलं, ताटात तोच पाण्याचा पेला ठेवला आणि दार लावून बटण दाबलं. आतल्या पिवळ्या उजेडात ताट संथपणे गोल फिरू लागलं. सगळे ओट्याशी येऊन उभे राहिले होते. तृप्तीच्या हातात बॅग तशीच होती.

“हे आतलं फिरतं ताट हाय. हे नसलं तर अन्न एकाच अंगानं शिजतं,” लखन म्हणाला. “बाहेर कुणी काढलं?”

कुणाला काही सुचायच्या आत पायल म्हणाली, “आजीनं!”