दोन रकाने

हाइकेने मोठ्या कागदावर पट्टीने मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं ‘शिकार’, उजवीकडे ‘फिरणं’. डाव्या रकान्यात फोल्करचं नाव, उजव्यात त्याच्या बायकोचं, कॉर्नेलियाचं. जर्मनीतलं हे जोडपं जुलैत दहा दिवस नामिबियातल्या त्यांच्या फार्मवर येणार होतं, सलग चौथ्या वर्षी. नवऱ्याला बंदुकीशिवाय काही सुचत नाही आणि बायकोला बंदुकीचा आवाज सोसत नाही, असे पाहुणे आमच्याकडच्या सगळ्याच फार्मांवर येतात. त्यांचे दिवस आखून देणं हे घरच्या बाईचं काम. अठरा वर्षं हाइके ते डोळे मिटून करत आली होती. या वेळी डोळे चांगले उघडे होते.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा यूर्गन बंदुकीला तेल देत बसला होता. गुणगुणत होता. हा माणूस पूर्वी कधी गुणगुणत नसे. गेल्या जुलैपासून हे सुरू झालं.

गेल्या जुलैत फोल्करचा गुडघा सुजला. तो ओसरीत पाय वर करून पडला आणि यूर्गन आपणहून कॉर्नेलियाला एटोशाच्या अभयारण्यात घेऊन गेला, लागोपाठ तीन दिवस. एटोशा फार्मपासून दीड तासावर. आपण दोघं एकदा जाऊ या म्हणून हाइकेने अठरा वर्षांत कितीदा टुमणं लावलं असेल. दर वेळी उत्तर एकच, हत्ती काय कुठे पळून जातायत का. आणि त्या बाईसाठी हा गेंड्याची वाट बघत पाणवठ्यावर सहा तास बसला. वर घरी येऊन ते कौतुकाने सांगितलं. हाइकेचा जळफळाट झाला तो त्या कौतुकाने. त्याने लपवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

म्हणून या वेळी तिने पक्का बंदोबस्त केला. नामिबियात पाहुण्या शिकाऱ्याबरोबर परवाना असलेला वाटाड्या असावाच लागतो, आणि या फार्मवर तो परवाना एकट्या यूर्गनकडे. तिने डाव्या रकान्यात लिहिलं : यूर्गन दहाही दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, शिकाऱ्याला सोडणार नाही. तेवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा मधले तीन दिवस दोघांचा मुक्काम उत्तरेच्या डोंगराखालच्या तंबूत टाकला. तिथे फोनसुद्धा लागत नाही. उजव्या रकान्यात एटोशा, खडकांवरची जुनी चित्रं, समुद्राकाठचे सील. गाडी हाइके स्वतः चालवणार.

“म्हणजे कॉर्नेलियाबरोबर तू जाणार?” यूर्गनने विचारलं.

“का? मला गेंडा दिसणार नाही?”

“दिसेल की,” तो हसला. “सहा तास बसायची तयारी ठेव.”

बाकी त्याने काहीच हरकत घेतली नाही. तेही तिला खुपलंच. तिने कागदाचा फोटो काढून फोल्करला पाठवून दिला, सोबत त्याच्या नावाने भरलेला बंदूक आणायच्या परवान्याचा अर्ज.

मग कॉफीचा मग घेऊन ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. भिंतीवर पाहुण्यांचे त्यांच्या शिकारीसोबतचे फोटो होते. त्यांतला एक तिचा. बावीस वर्षांची, तेव्हा पाहुणी म्हणून आलेली हाइके, शेजारी तिने पाडलेला पहिला कुडू, वळणदार शिंगांचं मोठं हरीण. पहिली शिकार झाली की वाटाड्याने जनावराच्या रक्तात बोटं बुडवून शिकाऱ्याच्या कपाळाला आणि गालांना टिळा लावायचा, ही इकडची रीत. दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. त्या दिवशी त्याच उत्तरेच्या डोंगराखाली यूर्गनने तिच्या गालावरून बोटं इतकी सावकाश ओढली, की माग काढणारा म्हातारा एलिफास तोंड फिरवून खोकला. संध्याकाळपर्यंत हाइकेने तोंड धुतलं नव्हतं. महिन्याभरात लग्न ठरलं.

जेवणाआधी फोल्करचं उत्तर आलं. हाइकेने ते मोठ्याने वाचायला घेतलं.

“‘प्रिय हाइके, आखणी झकास झालीय. काही बदलू नकोस, फक्त आमच्या नावांची अदलाबदल कर. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डोंगर चढणं बंद. आणि कॉर्नेलियाने शिकारीच्या परवान्याची परीक्षा दिली. मला पत्ताच नव्हता, निकाल लागल्यावर सांगितलंन. पहिली शिकार यूर्गनबरोबरच करायची म्हणते...’”

पुढचं तिने मनातल्या मनात वाचलं. यूर्गन दहाही दिवस बरोबर असणार हे वाचून कॉर्नेलिया फार खूश झाली होती. तंबूची कल्पना तर तिला सगळ्यात आवडली होती. एटोशाला हाइकेच्या शेजारी बसायला फोल्कर तयारच होता.

हाइकेने पेन उचललं.

“तंबूत बाईमाणसाचे हाल होतात,” ती म्हणाली. “ते तेवढं मी खोडते.”

“कशाला? तू राहिली होतीस की तिथे,” यूर्गन म्हणाला.

त्याने तिच्या हातून फोन घेतला, चष्मा लावला आणि सगळं पत्र पहिल्यापासून वाचलं. एका ओळीवर थांबला. हाइकेला ती कुठली ते विचारायची गरज नव्हती.

“पहिली शिकार,” तो म्हणाला.

मग त्याने बंदूक बाजूला सारली, कोरडं फडकं घेतलं आणि उजव्या हाताचं तेल पुसायला लागला. एकेक बोट, पार नखांच्या कडेपर्यंत.