तिरीप

वामनरावांनी डोळे मिटले, जाडजूड शब्दकोश मधोमध उघडला आणि पानावर बोट टेकवलं.

"तिरीप," ते म्हणाले. "लिवा आता. असा खोटा अर्थ लिवा, का कोशवाल्यालेही खरा वाटला पायजे."

गिरजाबाई लगेच आपल्या चिठ्ठीवर वाकल्या. त्यांच्या सुनेनं, संघप्रियानं, पेन हातात घेतलं, पण तिला काही सुचेना. सुचावं असंही वाटेना. तिचा नवरा राजदीप गेल्या उन्हाळ्यात मोटारसायकलवरून पडून गेला, तेव्हापासून तिचं सगळंच असं झालं होतं. ब्रह्मपुरीच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स. ड्यूटी करायची, घरी येऊन भात टाकायचा, सासूसासऱ्यांना वाढायचं, झोपायचं. नवऱ्याच्या मरणावर ती रडली नव्हती. लोकांनी तिला आधी धीराची म्हटलं, मग दगडाची म्हटलं. तिला दोन्हीचं काही वाटलं नाही.

बदलीवर लांब भामरागडच्या दवाखान्यात जायला इथलं कुणी तयार नव्हतं. पावसाळ्यात तिकडचा रस्ता तुटला की माणूस तिथंच अडकतो. मोठ्या सिस्टरांनी विचारलं, तेव्हा संघप्रिया "जाते" म्हणून मोकळी झाली. इथं काय आणि तिथं काय. बस उद्या सकाळची होती. "मन बदललं तर आज संध्याकाळपर्यंत फोन कर," सिस्टर म्हणाल्या होत्या. फोन तिनं बॅगेत टाकून दिला होता आणि बॅग भरून दाराशी ठेवली होती.

आज सकाळी तिनं रीत म्हणून विचारलं, "तुमचं दोघांचं जमेल ना, बाबा?"

"काऊन नाई जमणार? आम्ही का आता लहान लेकरं हाओ?" वामनराव जवळजवळ रागावलेच. मग म्हणाले, "ते राहू दे. जेवण झालं का कोश काढ. जाच्या आधी एक डाव होऊन जाऊ दे."

डाव सोपा होता. कोशातून कुणाला ठाऊक नसलेला शब्द काढायचा. प्रत्येकानं त्याचा मनचा अर्थ चिठ्ठीवर लिहायचा. कोश ज्याच्या हाती, त्यानं खरा अर्थ मध्येच मिसळून सगळे वाचायचे आणि बाकीच्यांनी खरा कोणता ते ओळखायचं. वामनराव मराठीचे मास्तर होते तेव्हा वर्गातही हा डाव मांडायचे. राजदीप इतकं बेमालूम खोटं लिहायचा की मास्तरही चक्रावायचे. गिरजाबाईंचा अर्थ मात्र ठरलेला. शब्द कोणताही निघो, त्या लिहायच्या, 'एक प्रकारची भाजी'. "आईच्या कोशात नुसता बाजार भरला हाये," राजदीप म्हणायचा.

"झालं का?" वामनरावांनी विचारलं.

संघप्रियानं कोरीच चिठ्ठी घडी घालून सासूकडे दिली. गिरजाबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या नवऱ्याच्या तळहातावर ठेवल्या. "वरची माही हाये," त्या म्हणाल्या. कुणाची कोणती ते सांगायचं नसतं, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

वामनरावांनी चष्मा पुसून नाकावर चढवला आणि वरची चिठ्ठी उलगडली. "एक प्रकारची भाजी."

गिरजाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

ते कोशावर वाकले. "फटीतून घरात येणारं तिरपं ऊन."

मग त्यांनी दुसरी चिठ्ठी उलगडली. आता विचारतील, संघप्रियाला वाटलं, आणि मग काहीतरी सांगत बसावं लागेल. त्याचाच तिला कंटाळा आला. वामनरावांनी कोरी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली, घसा साफ केला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "लांबच्या गावी निघालेल्या माणसानं मागं वळून न पाहणं. उदाहरणार्थ, सूनबाई तिरीप करून गेली आणि तिचं चांगलं झालं."

बाबांनी सावरून घेतलं, तिला वाटलं. कागद कोरा पाहून आपल्या पदरचा आशीर्वाद वाचला. तिला बरं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

वामनराव चिठ्ठीवरून अंगठा फिरवत होते. समाधानानं म्हणाले, "अक्षर मात्र सुधरलं हो तुयं, बेटा. आधी तर कागदावर मुंग्या चालून राह्यल्या वाटे."

संघप्रियानं सासूकडे पाहिलं. गिरजाबाईंचं हसू विरलं होतं. बोलू नको, अशी त्या हलकेच मान हलवत होत्या. तिनं वाकून कोशात पाहिलं. उघडं पान 'ब'चं होतं.

मग एकेक आठवत गेलं. गिरजाबाई हल्ली चहाचा कप खाली ठेवत नसत, हातातच देत. 'पायरी हाये, पायरी हाये' असं उगाच मोठ्यानं बोलत. पेपर बाबा तिच्याकडूनच वाचून घेत, तुझा आवाज चांगला म्हणून. दवाखान्यात ती रोज परक्यांच्या डोळ्यांत थेंब टाकत होती आणि घरातले डोळे कधी गेले ते तिला कळलं नव्हतं. तिनं घरात कुणाकडे नीट पाहिलंच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यापासून अडलेलं सगळं डोळ्यांतून वाहू लागलं. तिनं तोंडावर हात दाबून धरला आणि आवाज होऊ दिला नाही. पाहायला फक्त गिरजाबाई होत्या.

"बोल ना, बेटा," वामनराव तिच्या जरा बाजूला पाहत म्हणाले. "कोणता खरा?"

ती उठली. दाराशी जाऊन तिनं बॅगेची चेन उघडली आणि फोन बाहेर काढला.

"तिसरा तर नाईच, बाबा," ती म्हणाली. "मले नाई करता आली तिरीप."