फुकटची थैली

हाही कागद चौकोनांचाच आला. रक्षाने तो प्रिंटरमधून ओढला आणि चुरगळून आधीच्या बोळ्यांवर टाकला. पडद्यावर मराठी झकास दिसत होते. कागदावर मात्र एक अक्षर उमटेल तर शपथ. उद्या सकाळी वर्ध्याहून परीक्षक येणार. मुली त्यांच्यासमोर अर्ज टाइप करणार, छापून हातात देणार. ते जमले तर तिच्या कॉम्प्युटर क्लासला मान्यता. नाही जमले तर ही वरची खोली पुन्हा कापडाच्या गाठोड्यांची. सासऱ्यांशी तसे ठरलेच होते.

चूक तिचीच. नागपूरहून मराठी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीची सीडी आली आणि हिने हौसेने सगळ्या मशिनींवरची जुनी पुसून नवी चढवली. परीक्षा तोंडावर असताना कोणी असे करते का? हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात ते हेच. जुनी परत उतरवून घ्यायची, तर हिंगणघाटच्या फोनलाइनवर आठवडा गेला असता.

काल सकाळीच तिने ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मदतीसाठी मेल टाकली होती. ती तिकडे सगळ्यांनाच दिसायची, पण मराठीचे बघायचा तो मार्टिन, जर्मनीतला. एरवी तो लगेच उत्तर देई. पण काल शनिवार, आज रविवार, आणि सुट्टीच्या दिवशी तिकडून कोणीच कधी बोलत नसे. आधी तिला याचे नवल वाटायचे. सॉफ्टवेअर फुकट, त्याचा कोडही सगळ्यांना खुला; तिला वाटले, जगभरची भली माणसे मिळून करत असतील, तिच्या माहेरी नालवाडीत श्रमदान व्हायचे तसे. पण श्रमदान तर रविवारीच व्हायचे! मग कळले, ही सगळी एका कंपनीची पगारी माणसे. कंपनी मशिनी विकते आणि सोबत हे फुकट वाटते.

भैय्याजी, म्हणजे तिचे सासरे, हे ऐकून हसले होते; ती त्यांना मामाजी म्हणे. खालचे कापडाचे दुकान त्यांचे. "म्हंजे लुगड्यासंग थैली," ते म्हणाले होते. "पण दुकान बसलं, त थैली कोन शिवन तुले?"

तेव्हा तिलाही हसू आले होते. आता तोच प्रश्न डोके पोखरत होता. सीडी देणाऱ्यानेही जाता जाता सांगितले होते, त्या कंपनीचे काही खरे नाही म्हणून. मोडेम किंचाळला, लागला, तुटला. पुन्हा लागला. मेल नव्हती. क्लासमधली पंचफुला तर, उद्या एसटी चुकली तर काय म्हणून, आजच गावाहून येऊन मावशीकडे थांबली होती. तिला काय तोंड दाखवायचे?

दिवेलागणीला भैय्याजी वर आले. हातात मीटरपट्टी होती. गाठोड्यांसाठी ते भिंत मोजू लागले. रक्षाने तिकडे पाठ केली आणि शेवटचे म्हणून पुन्हा मोडेम जोडला.

मेल आली होती. मार्टिनची! सोबत एक छोटी फाइल, ती कुठे टाकायची तेही लिहिलेले. पुढचे वाचायला तिला धीर कुठला? तिने फाइल टाकली, छापायला दिले आणि डोळे मिटून घेतले.

प्रिंटर थांबला. भैय्याजींनीच कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. एकही अक्षर अडले नाही. रक्षाला रडूच फुटले.

"आता काऊन रडून राह्यली?" त्यांनी मीटरपट्टी काखोटीला मारली. "पण आज त इतवार ना? याले कंपनी इतवारचाबी पगार देते का?"

रक्षाने डोळे पुसले आणि मेलच्या राहिलेल्या ओळी वाचल्या. मग पुन्हा एकदा वाचल्या.

"नाई मामाजी. तो लिहिते, शुक्रवारी कंपनीनं आमाले समद्यायले काढून टाकलं. मले त आता रोजच इतवार."