दारावरचा फोटो

"मान वर करा," जुगार नियामक कार्यालयातल्या मॅडम दुसऱ्यांदा म्हणाल्या. मुरलीधरची मान काही वर होईना. जुगार सुटावा म्हणून, मला कॅसिनोत घेऊ नका, असं त्याने स्वतःच लिहून दिलं होतं. आता हा फोटो देशातल्या प्रत्येक कॅसिनोच्या दारावर जाणार होता.

त्याची बायको सुहासिनी खुर्चीवरून उठली. पर्समधला कंगवा काढून तिने त्याचा भांग पाडला, कॉलरचं बटण लावलं.

"अगं, हा काय लग्नातला फोटो आहे?" तो पुटपुटला.

"चांगलाच यायला हवा. दारावरच्या माणसाने लांबूनच ओळखून तुम्हाला घरी पाठवायला हवं. जेवायची थांबलेली असते मी."

त्याने मान वर केली. कॅमेरा धरलेल्या मॅडमच्या मागे सुहासिनी उभी होती. त्याला हसू आलं, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

नियमाप्रमाणे हसरा फोटो चालत नव्हता. मॅडमनी दुसरा काढला नाही.