उभे अंगठे

पोखराच्या विमानतळावर सगळे ज्याला गुरुजी म्हणत तो डंबर मेकॅनिक कपाळाला आठ्या घालून उभा होता. विमानात प्रवासी बसलेले, सकाळी दहानंतर जोमसोमच्या धावपट्टीवर वारा उतरू देत नाही, आणि ही कालची पोर कॅप्टन सुकाणूच्या चाकावर अंगठे उभे धरून बसली होती. अंगठे वळतील त्या बाजूच्या पंखाची पट्टी वर उठायला हवी, बालवाडीचा धडा. “अंगठेबहाद्दर,” तो पुटपुटला. खिडकीजवळ जाऊन म्हणाला, “बहिनी, पट्ट्यांच्या तारा काल मी बदलल्यात. माझं काम दुसऱ्याला तपासावं लागत नाही. चाक हलतंय ना? मग निघ.” “हलतंय की.” तिने चाक डावीकडे वळवून तसंच धरलं. “अंगठे डावीकडे आहेत. पंख तुम्ही बघा.” त्याने वैतागून मान वळवली. डावी पट्टी खाली झुकली होती, उजवी वर. “गुरुजी,” ती म्हणाली, “अंगठे कापून देऊ?”