वाळलेला कान

उंदराच्या डाव्या कानाची कड पांढरी पडली होती. पट्टी जेमतेम दोन मिलिमीटरची, पण कागदासारखी वाळून आत वळलेली. गोठवलेल्या उंदराचा कान आधी वाळतो, अंग नंतर. असा कान म्हणजे उंदीर वर्षभर तरी फ्रीझरमध्ये पडून होता.

ग्लेनिसने तो उंदीर पाहिला, "ठीक आहे," म्हणाली आणि पिशवी पुढे केली.

नॉर्मने उंदीर पिशवीत टाकला नाही. शेपटीला धरून तसाच हातात ठेवला.

ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या सर्पमित्र मंडळाची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी भरे. त्या दिवशी नॉर्म सभागृहाबाहेर गाडीचं मागचं दार उघडून बर्फाच्या पेट्या मांडायचा. उंदीर त्याच्याच शेडमध्ये वाढलेले, आकारानुसार लावलेले. सगळे येत, आपापल्या सापाच्या मापाचे घेऊन जात. ग्लेनिस मात्र निवडायची. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या तपासलेली बाई. याचा डोळा खोल गेलाय, याचं पोट हिरवट आहे, याची शेपटी मोडली आहे. मॉडसाठी, म्हणजे तिच्या साडेआठ फुटी अजगर मादीसाठी, तीन उंदीर निवडायला तिला वीस मिनिटं लागत. चोवीस वर्षं नॉर्मने ती वीस मिनिटं दात-ओठ खात सोसली होती.

"मॉड कधी गेली?" नॉर्मने हळूच विचारलं.

ग्लेनिसने पिशवीचं तोंड बंद केलं. पुन्हा उघडलं.

"एप्रिलच्या नऊ तारखेला. तुला कुणी सांगितलं?"

"तूच. मे महिन्यात तू एकही उंदीर नापसंत करून परत ठेवला नाहीस. म्हटलं, बाईला बरं नसेल. जूनमध्ये मला चक्क थँक्यू म्हणालीस. घरी जाऊन बायकोला सांगितलं, ग्लेनिसच्या घरी कुणीतरी गेलंय. आज खात्री करावी म्हणून हा काढून आणला. गेल्या वर्षीच्या जुलैतला आहे. असला उंदीर मी कावळ्यालाही देत नाही."

"आणि तरी गेले तीन महिने मला उंदीर देत राहिलास?"

"तू मागत राहिलीस."

"नऊ साठलेत," ती म्हणाली. "फ्रीझरमध्ये आइस्क्रीमला जागा नाही. दहावा मॉडबरोबर पुरला. रिकाम्या पोटी कशी पाठवणार?"

"बरोबर केलंस."

"इथे यायचं थांबले असते, तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं. आणि पहिल्या रविवारी मी दुसरीकडे कुठे जाणार, नॉर्म? मला विणता येत नाही."

रांगेतून कीरन ओरडला, "अहो, लग्न जमवताय की उंदीर घेताय? माझे वितळायला लागले!"

"तुझा साप तुझ्यासारखाच आहे, मिळेल ते गिळतो," नॉर्म ओरडला. "गप उभा राहा!"

मग त्याने पुढच्या सीटवरून एक प्लास्टिकचा डबा आणला. झाकणाला भोकं होती. आत पेन्सिलीएवढ्या जाडीचा अजगर वेटोळं घालून बसला होता. फेब्रुवारीत फुटलेल्या अंड्यांतला हा शेवटचा. बाकीच्यांना घरं मिळाली. हा जेवणावर रुसायचा म्हणून उरला. जूनमध्ये नॉर्मने तो ग्लेनिसला देऊ केला होता, जुलैमध्येही. दोन्ही वेळा ती डब्याकडे न बघता म्हणाली होती, "बघू पुढच्या महिन्यात."

"पुढचा महिना आला," नॉर्म म्हणाला.

"मी बहात्तरची आहे. हा पंचवीस वर्षं जगेल. बेरीज कर."

"माझं गणित कच्चं आहे."

"माझं नाही. म्हणून तर रोज रात्री करते." तिचा आवाज थोडा खाली आला. "मी गेल्यावर याला घेणार कोण? एखादा कीरन. काचेच्या पेटीत ठेवील आणि पाणी बदलायला विसरेल."

नॉर्मने डब्याचं झाकण काढलं.

पिल्लाने डोकं वर केलं. जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. ग्लेनिसने चष्मा नाकावर सरकवला.

"याला काय देतोस?"

"उंदरांची गुलाबी, बिनकेसांची पिल्लं. आठवड्याला एक. कधी खातो, कधी नाही."

"गार देत असशील."

"कोमट पाण्यात ठेवतो की!"

"अंग कोमट होतं, डोकं गारच राहतं. साप डोक्याकडून धरतो, नॉर्म. चाळीस वर्षं उंदीर विकतोस आणि एवढं माहीत नाही?" तिने तर्जनी पिल्लाच्या पोटाजवळ नेऊन जाडी मापली. "आणि गुलाबी आता याला पुरत नाही. लव आलेलं लागेल. दाखव."

नॉर्मने सगळ्यात लहान पेटी उघडली. तिने एक उचललं आणि परत ठेवलं. दुसरं उचललं, उजेडात धरलं, तेही परत ठेवलं. "हे काय, चेंगरलेलं आहे." तिसऱ्याचं पोट अंगठ्याने दाबून पाहिलं. रांगेत कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला. नॉर्म दात-ओठ खाऊ लागला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मे महिन्यापासून कुणी पाहिला नव्हता.

अकरा मिनिटांनी पिशवीत चार पिल्लं पडली. ग्लेनिसने डब्याचं झाकण लावलं, डबा काखेत धरला आणि नॉर्मला नीट, पायापासून डोक्यापर्यंत, खिशातल्या सिगारेटच्या पाकिटासकट न्याहाळलं.

"तुझं वय काय?"

"एकसष्ट. का?"

"सिगारेट आजपासून बंद," ती म्हणाली. "हा माझा. माझ्यानंतर तुझा. आणि मी सत्त्याण्णवची होईपर्यंत तू मरायचं नाहीस. दुसऱ्या कुणाचे उंदीर मला पसंत पडणार नाहीत."